पायडलवरचा डावा पाय

मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कौशल्याबाईंच्या पाठीतली कळ गेली, पण डावं पाऊल लुळंच राहिलं. दबलेली नस आता मोकळी झाली आहे, ती हळूहळू जागी होईल, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगेना.

वाघोलीला मुलाच्या, अभिनवच्या, फ्लॅटवर रोज सकाळी वैष्णवी यायची. फिजिओथेरपिस्ट, तिथल्याच शेतकऱ्याघरची मुलगी, बोलायला सरळ. कौशल्याबाईंना उताणं झोपवून ती व्यायाम करून घेई. पावलं वर ओढायची, खाली दाबायची. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. उजवा पाय सांगितलं ते करी. डावं पाऊल बोटभर हलून पडून राही. दहापर्यंत मोजून झालं की कौशल्याबाई भिंतीकडे तोंड करत.

"काकू, मी गेल्यावर तुम्ही एकदाही करत नाही ना?" वैष्णवीने एकदा विचारलं.

"करते की."

"पाय तसं म्हणत नाही."

कौशल्याबाईंना राग यायचा तर हसू आलं. मग त्या पहिल्यांदाच मोकळ्या बोलल्या. हे पाऊल खाली-वर करणं त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं होतं. लग्न होऊन यवतमाळकडून पुण्यात आल्या, येरवड्याच्या एका खोलीत संसार मांडला. नवरा, महिपती, कारखान्यात जाई. त्यानेच कुठूनशी जुनी पायमशीन आणली. शेजारची मुक्ताई कापड बेतायची, कौशल्याबाई शिवायच्या. मे महिना आला की खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग लागे. वीज गेली तरी दार उघडं टाकून दोघींचं काम चालूच. तान्हा अभिनव पायडलच्या आवाजावर झोपायचा आणि आवाज थांबला की उठायचा. म्हणून कापड संपलं तरी कौशल्याबाई दोरा काढून नुसतंच पायडल हलवत बसत, आणि मुक्ताई तेवढ्यात दोन्ही घरच्या भाकऱ्या उरकी. महिपती गेल्यावर अभिनवने त्यांना वाघोलीला आणलं, तेव्हा मशीन मुक्ताईला दिली. त्यालाही बारा वर्षं झाली. मुक्ताईची गाठ आता कुणाच्या लग्नातच पडे.

वैष्णवीने सगळं ऐकून घेतलं. अर्धा तास पाठ ताठ ठेवून बसता आलं आणि डावं पाऊल आणखी थोडं उचललं, तर त्या मशीनवर बसायला परवानगी देईन, म्हणाली.

त्या दिवसापासून कौशल्याबाईंनी दहा मोजणं सोडलं. एक बाही, दुसरी बाही, कॉलर, काजपट्टी, असा शर्ट पुरा होईपर्यंत पाऊल हलवायचं. दिवसाला एक शर्ट, मग दोन. डोळे मिटले की कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येई आणि मुक्ताईची कात्री ऐकू येई. एकदा अभिनव खोलीत डोकावला तर आई पुटपुटत होती, "ही बाही उसवावी लागणार." तो घाबरला. मग तिने सांगितल्यावर बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिला.

चौथ्या महिन्यात काठी घेऊन, पाऊल लोंबू नये म्हणून त्याला पट्टा बांधून कौशल्याबाई येरवड्याला गेल्या. मुक्ताईने हात धरून आत घेतलं. मशीन खिडकीपाशी होती, पण तिला मोटर बसवलेली.

"पाय दुखायला लागले गं माझे," मुक्ताई ओशाळून म्हणाली.

कौशल्याबाईंची नजर खाली पायडलवर गेली. मुक्ताईने खाली बसून मोटरचं बटण बंद केलं, पायडलवर कोंबलेली कपड्यांची गाठोडी ओढून काढली आणि तेल घातलं. कौशल्याबाईंनी पाय ठेवले. उजव्याने दाबलं, डावा घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तेव्हा मुक्ताई स्टूल घेऊन शेजारी बसली आणि तिने आपलं पाऊल त्या डाव्या पावलाच्या मागे टेकवलं.

खालचं चाक फिरायला लागलं. वैष्णवीने दहाच मिनिटं सांगितली होती. ती संपल्यावर मुक्ताईने चहा टाकला.

मशीन वाघोलीला घेऊन जा, असं तिने दोनदा सुचवलं. कौशल्याबाई नको म्हणाल्या. आता दर गुरुवारी अभिनव त्यांना तिथे सोडतो. चपलेचं टोक अजून उंबऱ्याला अडतं, पट्टाही सुटलेला नाही. पण गेल्या गुरुवारी मुक्ताई दूध आणायला गेली असताना डावा पाय मागच्या आधाराशिवाय पायडलवर दोन-तीन फेरे चालला. ती परत आल्यावर कौशल्याबाईंनी तिला आधी ते सांगितलं, मग घरी फोन केला.