नेकच्या खाचेतला पुठ्ठा

तापातून उठल्यावर दादाला जाड आवाज ऐकू येईनासे झाले. दाराची बेल ऐकू यायची, बहिणीचा चिरका आवाज तर हमखास यायचा. पण उभी हयात जी खर्जाची बेस गिटार वाजवली, तिच्या आवाजाचा पत्ता नाही. मग तो गिटार अंगाशी घट्ट धरून सूर पोटाने ओळखायला लागला.

धाकटी बहीण गिटारी बनवायची. एका दुपारी तो तिच्या कारखान्यात आला.

"सूर पोटापर्यंत येतो न येतो तोच विरतो," तो म्हणाला. "ही नेक, तारांखालची लांब दांडी, स्क्रूने बसवलीय ना, ती काढ आणि सरसाने चिकटव."

"चिकटवली की सहजासहजी सुटायची नाही, दादा. आणि सरसाने सूर लांबतो की नाही, यावर आम्हा कारागिरांचीच जुंपते."

"मला तुमच्या भांडणात पडायचं नाही."

तिने वाद घातला नाही. सरसाने नेक जोडलेली स्वतःची बेस भिंतीवरून उतरवून दिली. दादाने तार छेडून डोळे मिटले. सूर बरगड्यांखाली बराच वेळ रेंगाळला. खुशीत तो ती घेऊन बँडच्या तालमीला गेला.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला.

"ड्रमरने सगळ्यांदेखत सांगितलं, मी मागे पडतोय. सूर पोटात राहतो गं, पण सुरू कधी झाला तेच कळत नाही."

"मग तुझीच उघडून बघू."

तिने दादाच्या गिटारचे स्क्रू सोडवले. नेक जिथे बसते त्या खाचेत, नेकला थोडा कल द्यायला, कुणीतरी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला होता. बाकीची खाच पोकळ.

"लाकूड लाकडाला धड टेकतच नव्हतं," ती म्हणाली.

तिने पुठ्ठा फेकला, पटाशीने खाच सपाट केली, तेवढ्याच उताराची लाकडी पाचर घासून खाचभर बसवली आणि स्क्रू आवळले.

दादाने वाजवून पाहिलं. सुरुवातीचा ठोका पोटाला नीट लागला. मागचा सूरही आधीपेक्षा टिकला.

"तुझ्या बेसइतका नाही."

"तेवढा नाहीच होणार."

"चालेल. ठोका कळतोय."

तालमीत तो पुन्हा तालात आला. जलद गाण्यांत मात्र पोटात सूर एकमेकांत मिसळायचे. ती गाणी त्याने आपणहून दुसऱ्या वादकाकडे सोपवली. बहिणीला हे सांगताना तो दारातच उभा राहिला.

तिने स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. "संथ गाणी तुझ्याकडेच आहेत ना?"

"आहेत."

"मग बस. चहा टाकते."