देवदूताची शेवटची ओळ

माँट्रियालच्या उत्तर टोकाला, चर्चच्या तळघरात, भोपळ्याच्या सूपची वाफ विरली नव्हती तोच चमत्कार घडला. प्रार्थना सांगणाऱ्या फ्रेर, म्हणजे धर्मबंधू, एलिफेतनं ओदानीझबाईंचा फोन पांढऱ्या फडक्याखाली धरला, स्वतःचंही डोकं त्याखाली घालून बराच वेळ पुटपुटला, आणि आतून आवाज आला, ‘टिंग!’

“आलं!” तो ओरडला. “आजवर या फोनवर फ्रेंचच यायचं. आज स्वर्गातून आपल्या मायबोलीत, क्रेओलमध्ये आलंय! ‘ओदानीझ, आम्ही तुमची वाट पाहत आहोत!’”

साठ माणसं गुडघ्यांवर आली.

“मग मंगळवारचं डोळ्याचं ऑपरेशन?” ओदानीझनं विचारलं. मोतीबिंदूनं तिचं जग दुधाळ करून टाकलं होतं.

“देवदूत आल्यावर सुरी कशाला, बाई? माझं तेल घाला डोळ्यांत, दोन वेळा.”

तिची धाकटी बहीण योलेट हादरली. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. या तारखेसाठी दोघी आठ महिने थांबल्या होत्या. मंगळवार हुकला की पुन्हा रांगेच्या शेवटी. तोवर उरलासुरला उजेडही जायचा.

“बघू तो फोन.”

“अविश्वासू हात लागला तर अक्षरं पुसली जातील!”

“देवदूत खडूनं लिहितो वाटतं?” योलेटनं फोन घेतलाच आणि मोठ्यानं वाचलं, “‘मंगळवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, नेत्रविभागात या. आम्ही तुमची वाट पाहत आहोत.’ आणि शेवटची ओळ ऐका: ‘हा निरोप आपोआप पाठवला आहे. उत्तर देऊ नये. इथे आलेली उत्तरं कुणी वाचत नाही.’”

“अरे देवा!” मागून टॅक्सीवाला मासेलँ ओरडला. “मग अशा निरोपांना उत्तरं धाडत मी इतके दिवस कुणाशी बोलत होतो?”

हशा पिकला. योलेटनं त्याच फोनवर दवाखान्याचं पान उघडलं. “हे बघा. ओदानीझच्या नावापुढे भाषेचा रकाना आहे. फडक्याखाली यांनी फ्रेंच काढून क्रेओल निवडलं आणि ‘आठवण पुन्हा पाठवा’ दाबलं. आता मी व्हिएतनामी निवडते.”

टिंग! एकालाही वाचता येईना.

“देवदूत गाव बदलून गेला गं बाई!” कुणीतरी म्हणालं. फ्रेर एलिफेत तेलाच्या बाटल्या गोळा करू लागला.

“यंत्र नुसता रकाना बघतं आणि त्या भाषेतलं आधी लिहून ठेवलेलं पत्र धाडतं,” योलेट म्हणाली. “पण ते लिहिलंय माणसानं. आपल्या आईच्या बोलीत, आपल्याला कळावं म्हणून. नवल वाटलं तर जरूर वाटू द्या. फक्त गुडघे टेकण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि हे कसं झालं ते विचारा.”

मंगळवारी ओदानीझ उपाशीपोटी गेली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा एका डोळ्यानं तिनं ते पत्र स्वतः वाचलं. हळूहळू, अंगाई आठवावी तसं.

“किती गोड लिहिलंय गं कुणी! आभार मानायला हवेत.”

मग ती शेवटच्या ओळीशी पोचली आणि खुदकन हसली. “पण उत्तर देऊ नका म्हणतात!”

“म्हणून काय झालं?” योलेटनं तिच्या खांद्यावर शाल टाकली. “चल, दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन सांगू. तिथे माणसं बसतात.”