दोन पिवळ्या गोळ्या

“आजी, गोळ्या सरल्या कशा वो? दोन महिन्याच्या होत्या ना ह्या?”

औषधांच्या खिडकीशी उभी असलेली अर्पिता रिकामं कागदी पाकीट उलटसुलट करून पाहत होती. पलीकडे कौशल्याबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांच्या मागे दारापर्यंत रांग.

“रोज एक खाल्ली माय, तं सरतीन नाही तं काय?”

“रोज? अन् ह्या दुसऱ्या पाकिटातली?”

“थे आठोड्यातून एक. सायबानं सांगतलं तसंच.”

आतल्या टेबलाशी साठ्याची नोंद करत बसलेल्या रमाकांतांनी मान वर केली. तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात ते बत्तीस वर्षं औषधनिर्माण अधिकारी होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. फार्मसीच्या डिप्लोम्याची मुलं दरवर्षी प्रशिक्षणाला त्यांच्याकडे येत. कॉलेजात औषधांची नावं पाठ करून आलेल्या मुलांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत : “आपण सांगितलं म्हणजे समोरच्याला समजलं असं नाही. गोळी कशी घेणार, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. त्याशिवाय माणूस खिडकीवरून हलता कामा नये.”

यंदाच्या तुकडीतली अर्पिता देऊळघाटची. वडील मोतीराम वांगी-मिरचीचं पीक घेत. तिच्या बोलण्याला सोबतची मुलं हसत, म्हणून पहिल्या आठवड्यात ती खिडकीवर पुस्तकी बोलायची. “हे औषध जेवणोत्तर घ्यावे” असं ती म्हणाली, की म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहायची. शेवटी रमाकांतच म्हणाले होते, “अगं, घरी आईशी बोलतेस तसं बोल. त्यांना कळायला हवं ना!” तेव्हापासून तिच्या खिडकीवर रांग मोठी असायची. लोक दोन गोष्टी जास्तीच्या सांगून जायचे.

आताही ती खिडकीत वाकली होती.

“तोंडाले पदर काऊन लावला, आजी?”

“तोंड आलं वं. भाकर गिळवत नाही. सकाळी चूळ भरली, तं रगत.”

कौशल्याबाईंनी पदर बाजूला केला. अर्पिताने त्यांचे ओठ पाहिले, हिरड्या पाहिल्या. मग त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं, आणि दोन्ही पाकिटं घेऊन ती रमाकांतांच्या टेबलाशी आली.

“सर, आजींच्या गोळ्यांची अदलाबदल झाली आहे. सांधेवाताची आठवड्यातून एक घ्यायची, ती रोज घेतली. आठ दिवसांत आठ. आणि रोजची जीवनसत्त्वाची आठवड्यातून एक. दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. अंगात विष झालंय सर.”

“औषध कोणी दिलं होतं?”

अर्पिताने पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांवरचं अक्षर रमाकांतांचं होतं.

त्यांना तो दिवस आठवला. आठवडी बाजार, रांग फाटकापर्यंत, वीज गेलेली. त्यांनी बाईंना नीट सांगितलं होतं. बाईंनी मान हलवली होती. वदवून मात्र घेतलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचा गोपाल, त्यांचा सहकारी, खुर्ची सरकवून जवळ आला. हळूच म्हणाला, “सर, तुम्ही बरोबरच लिवलं आहे. म्हातारीनंच उलट्या खाल्ल्या. तिले भरती करू, पण तुमच्या अक्षराची पाकिटं राहू द्या ना इथंच. सात महिन्यांसाठी काऊन डोक्याले ताप?”

अर्पिता रमाकांतांकडेच पाहत होती.

रमाकांत उठले. पाकिटं हातात घेतली, कौशल्याबाईंना आधार देऊन उठवलं आणि थेट डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेले. अर्पिताला मागे यायची खूण केली.

“मॅडम, आधी ह्यांना तपासा. आठवड्याची गोळी आठ दिवस रोज पोटात गेली आहे. चूक माझ्या खिडकीवर झाली. मी वदवून घेतलं नाही. लेखी देतो.”

डॉ. सारिकांनी कौशल्याबाईंचं तोंड तपासलं, लगेच रक्त घ्यायला सांगितलं आणि मोठ्या दवाखान्यात फोन लावला. मग विचारलं, “लक्षात कोणाच्या आलं?”

“ह्या माझ्या विद्यार्थिनीच्या,” रमाकांत म्हणाले. चूक कबूल करताना खाली गेलेला त्यांचा आवाज या वाक्याला एकदम भरदार झाला. अर्पिताने मान खाली घातली.

रुग्णवाहिका आली. “सायेब, मी चुकली का?” कौशल्याबाईंनी घाबरून विचारलं.

“नाही आजी. चुकलो मी.”

मोठ्या दवाखान्यात त्यांच्या पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या निघाल्या. आणखी चार दिवस गेले असते तर हाती काही राहिलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. उताऱ्याची इंजेक्शनं लागू पडली. पंधराव्या दिवशी बाई घरी आल्या.

रमाकांतांचा खुलासा वर गेला. सेवापुस्तकात बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ताकीद नोंदली गेली. सुलभाताईंना, त्यांच्या पत्नीला, ते फार लागलं. “कोणी विचारलंही नसतं हो. सात महिने तर राहिले होते.”

“कोणी कसं नाही? ती पोर बघत होती ना,” रमाकांत म्हणाले. “त्या वेळी मी पाकिटं लपवली असती, तर आयुष्यभर तीही तेच शिकली असती.”

तीन महिन्यांनी प्रशिक्षणाला नवीन मुलं आली. रमाकांतांच्या नोकरीतली ही शेवटची तुकडी. त्यांनी औषधविभागात सगळ्यांना बसवलं, टेबलावर दोन बारीक पिवळ्या गोळ्या ठेवल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी हकीकत सांगितली. बाजाराचा दिवस, गेलेली वीज, हललेली मान, सगळं.

पायल नावाच्या एका मुलीने विचारलं, “सर, ते चुकलेले फार्मासिस्ट कोण होते?”

“मी.”

पायलने घाईघाईने वही मिटली.

“उघड,” रमाकांत म्हणाले. “माझं नाव नाही लिहिलं तरी चालेल. चूक ओळखणारीचं लिहून घ्या.”

आणि त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं : “अर्पिता मोतीराम जाधव. देऊळघाट.”

मुलं लिहीत होती. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत रमाकांत उभेच राहिले.