पंजाबरावांची वीत

मित्रांनो, माझ्या पाठीवर डाव्या अंगाला रंग उडालेला दिसतो ना, तो रागिणीच्या अंगठ्याने उडाला. मी एक जुना माऊस आहे. अमरावतीच्या एमआयडीसीत खुशालरावांच्या शेडमध्ये पेरणी यंत्रं बनतात, तिथे माझी सात वर्षं गेली. जन्म कुठला, ते आठवत नाही. नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीने येणाऱ्या या मुलीच्या हातात पडलो आणि माझं सोनं झालं.

पूर्वी पंजाबराव मिस्त्री खडूने फरशीवर यंत्र काढत. रागिणीने ते पडद्यावर आणलं. आधी ती सांगाडा एका जागी पक्का करायची. मग माझ्याकरवी एकेक भाग उचलून त्याला जोडायची. चाक फक्त फिरेल, दांडा फक्त मागेपुढे सरकेल, हे तीच ठरवून द्यायची. पक्का केलेला भाग मी कितीही ओढला तरी जागचा हलत नसे. तिचा हात लहानसा, पण काय अचूक! मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग तिचं स्वतःचं पहिलं यंत्र आलं. जमिनीत ओळ पाडणारे तीन फण पुढे, तीन मागे. पंजाबराव पडद्याकडे बघून म्हणाले, "मांगचे फण एक ईत मांगं घे, पोरी. काळी जमीन हाये, गारा अटकते."

रागिणीने पट्टीवर वीत ठेवली. सात इंच. तेवढेच फण मागे सरकवले.

मी मनात म्हटलं, घोटाळा झाला! कारण आदल्याच दिवशी "काय म्हणते तुहा उंदीर?" असं म्हणत पंजाबरावांनी पंजा माझ्यावर ठेवला होता आणि मी अख्खा दिसेनासा झालो होतो. पण क्लिकपलीकडे मला बोलता कुठे येतं?

ओल्या रानात चाचणी झाली. यंत्र परत आलं ते फणाफणांत गाऱ्याचे, म्हणजे चिखलाचे, गोळे घेऊन. खुशालराव चिडले. "तुह्या कंप्युटरपेक्षा खडू बरा होता. उद्यापासून हे बंद!"

रागिणीला नट-बोल्ट निवडायला बसवलं. चार दिवस माझ्यावर लोखंडाची धूळ साचत राहिली. तिच्या हाताशिवाय मला करमेना. शिकलेलं सगळं वाया गेलं, असं तिचा चेहरा सांगत होता.

पाचव्या दिवशी मूठभर बोल्ट उचलणारा पंजाबरावांचा पंजा तिच्या नजरेत भरला आणि ती त्यांना हाताला धरूनच घेऊन आली. "काका, तुमची वीत दाखवा बरं."

त्यांनी टेबलावर पंजा ताणला. तिने पट्टी लावली. साडेनऊ इंच! शेजारी स्वतःची वीत ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"मंग इचारलं काहून नाही?" पंजाबराव म्हणाले.

"चुकलं, काका. मले वाटलं, वीत म्हंजे वीतच."

खुशालराव दारातून ऐकत होते. "करा एक डाव. शेवटचा," एवढंच बोलले.

रागिणीने पडद्यावर सात इंचांना पक्कं केलेलं फणांचं अंतर सैल केलं, पंजाबरावांचा हात माझ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमीच सरकवा." त्यांनी दबकत ओढलं. मागचा दांडा सरकला आणि त्याच्यासोबत तिन्ही फण आणि बियांच्या नळ्याही सरकल्या. जोडणीच तिने तशी केली होती.

"अरे वा! सगळेच आले! मले तर वेल्डिंग तोडा लागे!" म्हातारा लहान मुलासारखा हसला. त्या हाताखाली मीही हसलो.

पुढच्या चाचणीत फण स्वच्छ निघाले. खडूचा डबा खुशालरावांनी स्वतःच कपाटात टाकला.

आता माझं चाक अडकतं. टेबलावर नवा, बिनवायरचा माऊस आला आहे. पण रागिणीने मला पुसून, वायर गुंडाळून खणात ठेवलंय. पंजाबराव आले की मला बाहेर काढते, कारण नवा माझ्याहूनही लहान, त्यांच्या पंजात पार हरवतो. मित्रांनो, तुम्हीही राबलेल्या वस्तूला असंच जपा. आणि राबलेल्या हाताला विचारायला लाजू नका.

फण जेवढे मागे सरकवले, त्या अंतराला रागिणीने संगणकात नाव दिलंय. साडेनऊ इंचांवर क्लिक केलं की पडद्यावर अक्षरं उमटतात: पंजाबराव.