ओला टॉवेल

सलग चार दिवस सासूबाईंच्या नावापुढे एकच आकडा होता : शहाण्णव पूर्णांक दोन. निरोगी शरीराचं तापमानही थोडंफार वरखाली होतं. हा आकडा मात्र दगडासारखा बसून होता. दारामागचा तपासणीचा तक्ता सुनेनं पुन्हा वाचला.

ती आरोग्य कचेरीत पत्रकं लिहायची. साथ आली तेव्हा साहेब म्हणाले होते, "लोक ढिम्म आहेत. जरा पेटवा त्यांना." तिनं लिहिलं : हे युद्ध आहे. आजार हा शत्रू आणि त्याला घरात थारा देणारा फितूर. वाक्य गाजलं. मग नियमही त्याच भाषेत निघाले. रुग्णाला न्यायला पथक येऊ लागलं, दारावर तांबडा फलक ठोकला जाऊ लागला : 'फितुराचं घर'. दवाखान्यात येणारे रुग्ण निम्म्यावर आले. साहेबांनी त्याला विजय म्हटलं. कचेरीच्या अहवालात घरातच दगावलेल्यांचा रकाना मात्र रोज लांबत होता. तीन आठवडे तो बघूनही तिची जीभ रेटली नव्हती.

आज सुट्टी होती. रोज कपाळाला यंत्र लावून ताप मोजणाऱ्या तपासणीच्या बाई यायची वेळ झाली होती. सासूबाई न्हाणीघरात स्टुलावर बसल्या होत्या, कपाळावर बर्फाचा टॉवेल दाबून.

"आई, हे काय?"

"हळू गं! भिंतींना कान असतात. तूच म्हणतेस ना, डोकं थंड ठेवा? ठेवलंय."

सुनेनं त्यांच्या पाठीला हात लावला. चटका बसला. चार शब्दांत त्यांना धाप लागली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"शेजारच्या शिंपिणीच्या दारावर फलक लागला, तर दुकानदार तिच्या पोरीला मीठ देईना. आणि फितूर हा शब्द तूच लिहिलास ना? आपल्याच दारावर फलक लागून तुझ्या नोकरीवर गदा कशाला?"

 इतक्यात फोन वाजला. साहेब होते.

"उद्याच्या पत्रकाला खणखणीत ओळ हवी. शत्रू माघार घेतोय, असं काहीतरी."

सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "नको गं. फलक लावतील."

तिनं मनगट सोडवलं नाही. तशीच ती फोनवर बोलली.

"साहेब, माझ्या सासूबाईंना ताप आहे. दवाखान्याची गाडी पाठवा. आणि ते शत्रू, फितूर उद्यापासून बंद. मी लिहिणार नाही. तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं, घाबरले. आता सांगते : माणसं आजाराला नाही, आपल्याला भिऊन मरताहेत."