काजळीचा नाच

"मॅम डोरिंग, रांगेत ही एकटीच वेगळी दिसतेय हो," नाच बसवणारे जोपेट सर म्हणाले आणि त्यांनी काजळीत बुडवलेला ब्रश ज्युवेलिनच्या नाकासमोर धरला.

बास्केटबॉलच्या कोर्टामागे नर्सिंगची पोरंपोरी ओळीनं उभी होती. कमरेला गवताचे घागरे, डोक्याला कोंबड्याची पिसं आणि नखशिखांत काळी. कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवून तो रंग डोरिंगनंच सकाळी टबात करून ठेवला होता. कॉलेजच्या सांस्कृतिक सप्ताहाची सगळी उस्तवार तिच्याच गळ्यात असे. ढोल तिनंच मागून आणायचे, मंडपवाल्याशी तिनंच भांडायचं, केळीच्या पानांत भात नि अडोबोचं आंबट मांस तिनंच बांधून घ्यायचं. विद्यार्थी कार्यालयातली ती जुनी कारकून. आणि शेवटच्या दिवशी आतींचा नाच, हा कॉलेजचा शिरस्ता.

आती म्हणजे या बेटावरचे मूळचे लोक, काळे, कुरळ्या केसांचे. डोरिंग त्यांच्यातलीच. ज्युवेलिन तिच्या बहिणीची मुलगी, डोंगरातल्या वस्तीवरून शिकायला मावशीकडे आलेली. वस्तीतलं कॉलेजात पोचलेलं हे पहिलंच पोर. नाचासाठी तिची निवड झाली, तेव्हा रात्री तिला झोप लागली नव्हती.

"वेगळी म्हणजे?" डोरिंगनं विचारलं.

"म्हणजे बघा ना, बाकीचे कसे काळेकुळकुळीत झालेत. ही त्यांच्यात तपकिरी वाटते. परीक्षक गुण कापतील."

"सर, ती आती आहे."

"अहो, मग तर छानच की! पण तशी दिसायला नको का?"

रांगेतली दोन पोरं खिदळली. डोरिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तिनं हे सगळं मुकाट गिळलं होतं. नोकरी होती, डोक्यावर छप्पर होतं. एकदा तिची आई औषधी मुळ्या विकायला गावात उतरली होती, तेव्हा डोरिंगनं तिला कौतुकानं हा नाच बघायला बसवलं. म्हातारीनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कोण गं ही माणसं?" "आपणच, आई." "अगं बाई! मग आपण एवढं बोंबलतोय कशाला?" तेव्हा डोरिंग हसली होती. आज तिला त्या हसण्याचाच संताप आला.

"तिला रंग लावायचा नाही," ती म्हणाली. "जमत असेल तर अशीच नाचेल."

"आणि नसेल जमत तर बसेल," जोपेट सर शांतपणे म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा, मॅम. मी भेदभाव करत नाही."

भेदभाव करत नाही! डोरिंगला वाटलं, तो टब उचलावा आणि या न्यायाधीशाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ओतावा. ती टबाकडे वळलीसुद्धा. पण तिच्याआधी ज्युवेलिन तिथे पोचली होती. पोरीनं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि तोंडाला फासले.

"जुवे!"

"राहू दे ना, मावशी," ज्युवेलिन गळ्याला रंग लावत म्हणाली. "एवढ्याशा रंगासाठी मला बाहेर काढतील. तुझं आपलं काहीतरीच असतं."

तेवढ्यात कोर्टावरून डोरिंगच्या नावाचा पुकारा झाला. निवेदनही तिच्याकडेच होतं. डोरिंग गेली. माइक हातात घेतला. दरवर्षीचं वाक्य तिला पाठ होतं, बेटाच्या शूर आदिवासींना मानवंदना वगैरे. ते तिच्या तोंडून निघेना.

"आता नर्सिंगचे विद्यार्थी आती बनून नाचतील," ती म्हणाली. "यांच्यात एक खरी आती आहे. कोणती ते ओळखा."

तिला वाटलं होतं, सगळे गप्प होतील. शरमेनं माना खाली जातील. कसलं काय! लोकांनी टाळ्याच वाजवल्या. ढोल सुरू झाले आणि बाकांवरचा अख्खा जमाव या नव्या खेळावर तुटून पडला. "ती बघ, ती जाड ओठांची!" "नाही रे, तो उंच!" "अरे, तो तर आमच्या गल्लीतला दंतवैद्याचा मुलगा!" पुढच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनीही बोटं दाखवली. नाचणाऱ्यांना चेव आला. मला ओळखा म्हणून जो तो जास्तच माकडउड्या मारू लागला. मधल्या रांगेत ज्युवेलिन अचूक ताल धरून नाचत होती. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

नर्सिंगला पहिलं बक्षीस मिळालं. "काय कल्पना काढलीत, मॅम! पुढच्या वर्षीही हेच करू," जोपेट सर म्हणाले. डोरिंगनं माइक खाली ठेवला. "पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघा," ती म्हणाली आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता निघून गेली.

ज्युवेलिन इमारतीमागच्या नळावर एकटीच होती. डोरिंगनं आधी खोबरेल चोळून रंग सैल केला, मग साबणाची वडी तिच्या हातात दिली. काळं पाणी गटाराकडे वाहत गेलं.

"मावशी, तू मला खेळात का उभं केलंस?"

"चुकलं माझं. मला त्यांना लाजवायचं होतं."

"मी वाट बघत होते," ज्युवेलिन म्हणाली. "वाटलं, एक जण तरी म्हणेल, ही."

पोर गाल खसाखसा घासत राहिली.

"निघालं का?"

डोरिंगनं तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि उन्हात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं.

"निघालं गं."

"नीट बघ ना," ज्युवेलिन म्हणाली आणि तिनं पुन्हा साबण उचलला.