कीबोर्डचा दिवा

"अगं, त्या बटणांखालचा दिवा विझव आधी! बॅटरी खातोय मेला," दुलईत पाय गुरफटून बसलेल्या सासूबाई ओरडल्या.

"केव्हाच विझवलाय, आई," मेहरांगेझ म्हणाली.

शाळेच्या कचेरीतही दिवसभर तिने दाखले टाइप केले ते लॅपटॉपच्या कीबोर्डचा दिवा बंद ठेवून, पडदा जेमतेम दिसेल इतका मंद करून. हेडमास्तरांनी चिडवलंही, "बाई, मांजराचे डोळे लावून आलात का?" हिवाळ्यात या डोंगरातल्या गावात वीज यायची संध्याकाळी सहाला, आणि रशियात बांधकामावर असलेल्या दिलोवरला, तिच्या नवऱ्याला, बोलायला फुरसत मिळायची पाचला. मोबाइलचा कॅमेरा फुटलेला, म्हणून शाळेचा लॅपटॉप घरी आणलेला. नववर्षाचे तीन नवरोज त्याच्याविना गेले होते. या वर्षी तरी तो येणार का, हे आज विचारायचं होतं.

लॅपटॉपवर कॉलची घंटी वाजली. मान मोठ्यांचा, म्हणून आधी सासूबाई बसल्या.

"तब्येत कशी आहे? थंडी फार का रे? मुकादम बरा वागतो ना? आणि तुझ्या खोलीतला तो म्हातारा?" मग घरची खुशाली सुरू झाली. शेळी व्याली, चुलत्याचा गुडघा धरला, जर्दाळूची फांदी मोडली. रीतच तशी, सुनेने मध्ये तोंड घालायची सोय नव्हती. बॅटरी बारा टक्क्यांवरून चारवर आली आणि मेहरांगेझचा जीव टांगणीला लागला.

सासूबाई एकाएकी उठल्या. "नवरोजचं तूच विचार. मला नाही बाई धीर होत," असं हळूच पुटपुटून त्या बाहेर गेल्या.

"मेहरा, आहेस ना? इथे नुसता काळोख दिसतोय."

"आहे. बॅटरी वाचवतेय."

"बरं," तो म्हणाला.

उरल्या बॅटरीत प्रश्नही मावला असता आणि उत्तरही. पण यायचं असतं तर त्याने आईला पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. त्याने एकदा आपल्याला पाहावं, असं तिला फार फार वाटलं. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, पडदा पूर्ण उजळला, कीबोर्डचा दिवा लावला आणि चेहरा पुढे नेला.

"आता?"

"हं. हलू नकोस."

ती हलली नाही. पडदा काळा झाला तरी थोडा वेळ ती तशीच बसून राहिली.

"काय म्हणाला गं? येतोय?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"विचारायचं राहिलं, आई."

"मग इतका वेळ तो करत काय होता?"

"बघत होता."